नानांची गाडी गळते

सकाळी उठल्यावर माणसं तोंड धुतात, चहा टाकतात. नाना आधी व्हरांड्यात जाऊन गुडघे टेकायचे आणि मोटरसायकलीखालचा पुठ्ठा ओढून बाहेर काढायचे. पुठ्ठ्यावर डाग असायचाच. कधी बशीएवढा, कधी बटणाएवढा, पण असायचा. मग थोडा वेळ नाना पुठ्ठ्याकडे बघत राहायचे आणि घराच्या आत तोंड करून म्हणायचे, "दिसलं. मला डोळे आहेत."

आत कोणी नव्हतं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पण गाडीच्या गळतीवर शेवटचा शब्द कायम तिचा असे, आणि तो यायच्या आत आपणच बोलून टाकावं, ही नानांची जुनी सवय होती.

नाना प्लंबर. हयातभर त्यांनी लोकांचे नळ, टाक्या आणि संडासांचे पाइप गळायचे थांबवले. कुठेही गेले तरी सुरुवात "आधी वॉशर बघू" अशी, म्हणून गल्लीत त्यांच्या माघारी त्यांना वॉशरनाना म्हणत. त्यांनी हात लावलेला नळ पुन्हा गळला, अशी तक्रार घेऊन कोणी दारात आलेलं नव्हतं. आणि त्याच दारात ही एका सिलिंडरची जुनी मोटरसायकल, लग्नाच्या आधी कोणाकडून तरी वापरलेली घेतलेली, घेतल्या दिवसापासून ऑइल गाळत उभी. बायको गिऱ्हाइकांच्या देखत म्हणायची, "यांना न्या हो खुशाल, पण गाडी फाटकाबाहेर लावायला सांगा. नळ दुरुस्त होईल आणि फरशी जाईल." गिऱ्हाईक हसायचं. नानाही हसायचे.

आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. दूध उतू जाऊन गॅस विझला, वायू सुटत राहिला आणि नाना शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले, हे शेजारणीने फोन करून लेकीला कळवलं. त्या दिवशी लेकीने निकाल दिला: बाबांनी यापुढे एकट्याने राहायचं नाही. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. तिला रंगही देऊन झाला.

"येतो," नाना म्हणाले, "पण गाडी येणार."

"आणा की."

आणा की म्हणणं सोपं होतं. तिच्या इमारतीच्या पार्किंगला नुकत्याच नव्या फरश्या बसल्या होत्या, आणि तिथल्या सेक्रेटरीने, जो निवृत्त झाल्यापासून त्या पार्किंगसाठीच जगत होता, नियम काढला होता की ऑइल गाळणारं वाहन आत येणार नाही. लेकीने त्याच्या विनवण्या करून एवढं मिळवलं, की गाडी एक रात्र पुठ्ठ्यावर उभी करायची. सकाळी पुठ्ठा कोरडा असला तर गाडी आत, डाग पडला तर बाहेर.

"आणि गाडी बाहेर तर मीही बाहेर," नाना म्हणाले.

लेक फोनवर म्हणाली, "मग थांबवा ना गळती. प्लंबर कोण आहे आपल्यात?"

अगदी आईच्या चालीवर बोलली. नानांनी फोन ठेवला आणि हत्यारांच्या पेटीतून पाने काढले.

जिथून गळतं तिथे बुजवायचं, हा नानांचा धर्म. त्यांनी आधी इंजिनाचं बाजूचं झाकण काढलं, नवी गॅस्केट घातली आणि कडेने सीलंट फिरवलं. झाकण कोरडं झालं, तर गिअरच्या दांड्यापाशी ऑइल दिसायला लागलं. तिथलं सील बदललं, तर सिलिंडरच्या बुडाशी. सिलिंडर उघडून पुन्हा घट्ट आवळला, तर पुन्हा झाकण, पण आता दुसऱ्या कोपऱ्यातून. मागच्या बाजूला एक रबरी नळी लोंबत होती, तिच्यातूनही थेंब पडायचे. नानांनी तिला बूच मारलं. त्यानंतर तर कहरच झाला. इंजिनाने जिथे जिथे दोन पत्रे भेटतात तिथे तिथे घाम फोडला. नानांनी वरून आणखी सीलंट चोपडलं. इंजिन लिंपलेल्या चुलीसारखं दिसायला लागलं, पण गळायचं काही थांबेना.

हे सगळं बघायला मेहुणा रोज हजर. बायकोचा धाकटा भाऊ, बसचा रिटायर कंडक्टर, दोन गल्ल्या सोडून राहणारा. ताई गेल्यापासून तो दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायचा, नानांसमोर बादली पालथी घालून बसायचा आणि उठायचा नाही.

"काय दाजी, काय म्हणतंय इंजिन?"

"तुझ्यासारखं आहे. एक तोंड बंद केलं की दुसऱ्याने बोलतं."

"मला एकच तोंड आहे."

"तेवढं पुरतं."

"ताई म्हणायची, दाजींनी गाडी तेवढी दुरुस्त केली तर मी—"

"काय म्हणायची ते मला माहीत आहे. तो पाना दे. तो नव्हे. त्याच्या शेजारचा. अरे, शेजारचा म्हणजे शेजारचा."

शेवटी नानांनी हात टेकले आणि नाक्यावरच्या मेकॅनिककडे गेले. मेकॅनिक एका गाडीखाली आडवा झालेला होता. तो बाहेर आलाच नाही, नुसत्या त्याच्या पायांशी बोलावं लागलं.

"कुठून गळतंय?" पाय म्हणाले.

"सगळीकडून."

"तुम्ही काय केलंत?"

"सगळीकडून बुजवलं."

"मग हवा जाणार कुठून?"

"कसली हवा?"

गाडीखालून एक उसासा आला. मेकॅनिकने पडल्या पडल्याच सांगितलं, की पिस्टन वरून खाली आला की इंजिनाच्या पोटातली, म्हणजे चेंबरमधली हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. वाट मिळाली नाही की ती ऑइलला बरोबर घेते आणि जी फट सापडेल तिच्यातून निघते. म्हणून कंपनीने मागे एक नळी दिलेली असते. ब्रीदर म्हणतात तिला. "तुमची जागेवर आहे ना?"

नानांना त्या नळीतलं बूच आठवलं. ते म्हणाले, "आहे, जागेवर आहे."

"जुन्या गाड्यांची ती बारीकच असते, तिने भागत नाही. ती काढा, जाड नळी घाला, आणि इंजिनाला लागूनच पत्तीचा व्हॉल्व्ह बसवा. पातळ पत्ती असते, हवा बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. मग चेंबरमध्ये दाबाऐवजी थोडी ओढ तयार होते. ऑइल बाहेर यायचं सोडून आत राहतं." गाडीखालून एक काळा हात आला आणि त्याने फळीवरच्या खोक्याकडे बोट केलं. "त्यातला घ्या एक. नळी कशी न्यायची ते तुम्हाला काय सांगायचं? पाइपातच आयुष्य गेलं तुमचं."

इथेच घात झाला, पण ते नंतर कळलं.

नाना घरी आले ते स्वतःवरच चिडून. जास्तीचा दाब असला की एक जोड बुजवल्यावर दुसरा सुटतो, हे ते आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. वरच्या टाकीचा दाब कमी करा, मग नळाला शिव्या द्या. आणि स्वतःच्या दारात दिव्याखाली अंधार. ब्लेड घेऊन त्यांनी इंजिनावरचं सगळं सीलंट खरवडलं. बोटं सोलवटली. मग व्हॉल्व्ह बसवला आणि जाड नळी ओढली: व्हॉल्व्हपासून खाली, गिअरबॉक्सच्या पोटाखाली एक सुबक वळण, तिथून वर सीटखाली आणि मागच्या मडगार्डपर्यंत. क्लिपा इतक्या सरळ रेषेत बसवल्या की मेहुण्यानेसुद्धा टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नाना रोज गल्लीला एक फेरी मारून यायचे आणि पुठ्ठा कोरडाच राहायचा. मेहुण्याने लेकीला फोन करून टाकला. लेकीने सेक्रेटरीला गाठून दिवस ठरवला. नानांनी मात्र त्या दिवसांत चहा पातळ झाला म्हणून कप आपटला, डब्यातल्या भाजीत मीठ नाही म्हणून ती परत पाठवली, आणि फाटक करकरतं म्हणून फाटकालाच लाथ घातली.

"गाडी सुधारली आणि दाजी बिघडले," मेहुणा म्हणाला.

मग एका सकाळी, हवेत चांगला गारठा असताना, नाना म्हणाले की गल्लीतल्या फेऱ्यांनी काही कळत नाही, लांब नेऊन आणू. मेहुणा मागे बसला. टेकडीच्या चढाला इंजिन तापलं, नानांनी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ आणखी पिळली, आणि खालून फट् असा आवाज आला. नाना थांबेपर्यंत उशीर झाला होता. गिअरच्या दांड्याचं सील जागेवरून उडालं होतं आणि ऑइल मागच्या चाकावर, डाव्या पायावर आणि मेहुण्याच्या राखाडी पँटवर गुडघ्यापर्यंत उडालं होतं.

दोघांनी गाडी ढकलत आणली. उतार होता तोवर गाडी आपणहून चालली. सपाटीला मेहुण्याला दम लागला, आणि दम लागला की त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे.

"दाजी, एक बोलू?"

"नको."

"तुम्हाला लेकीकडे जायचंच नाहीये."

"डोकं फिरलंय का तुझं? बोटं बघ माझी. कोणासाठी सोलून घेतली?"

"राबताय, नाही कुठे म्हणतो मी? पण पुठ्ठा कोरडा निघाला तेव्हा तुमचं तोंड बघितलं. माणूस पास झाल्यासारखं नव्हतं. बदलीची ऑर्डर हातात पडल्यासारखं होतं. मी डेपोत अशी तोंडं पुष्कळ बघितलीत."

"तुझ्या पँटीवर ऑइल पडलं म्हणून तू बोलतोयस."

"पँट ताईने घेऊन दिलेली होती," मेहुणा म्हणाला. गाडीवरचा हात काढून तो आपल्या गल्लीला वळला.

नानांनी उरलेला रस्ता एकट्याने गाडी ढकलली. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी पाना घेऊन भिंतीवर मारला. आत तोंड करून ते काही बोलले नाहीत. दुरुस्त होत नाही म्हणून राग होता, तो समजत होता. पण मेहुण्याच्या बोलण्याचा राग त्याहून मोठा होता, आणि तो का, हे त्यांना उकलून बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा आला. मेहुणाही आला, धोतरासारखी ढगळ अशी मुलाची पँट घालून. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, न सांगता. नाना गाडीशी बसले, मेहुणा बादलीवर. व्हॉल्व्ह काढून बघितला, पत्ती शाबूत होती. फुंकर मारली, हवा एकाच बाजूने जात होती. म्हणजे सगळं बरोबर होतं आणि तरी इंजिनाने सील थुंकून टाकलं होतं. नानांनी व्हॉल्व्ह परत लावला, परत काढला.

बराच वेळ गेला. मेहुण्याला गप्प बसणं जमेना.

"हे खाली वळण कशाला दिलंय?"

"कशाला म्हणजे? वळण द्यावंच लागतं."

"कशाला द्यावं लागतं?"

"पाणी धरायला. वळणात पाणी भरून राहिलं की मागचा वास पुढे येत नाही. कुठल्याही बेसिनखाली वाकून बघ, संडासाला बघ—"

नानांची नजर नळीच्या वळणावर गेली.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "इंजिनात कोण संडासला बसतंय?"

नानांनी क्लिप सैल केली आणि नळीचं वळण खाली ओढलं. पांढरट, सायीसारखा गाळ भळाभळा बाहेर आला आणि व्हरांड्यात पसरला. निम्मं पाणी, निम्मं ऑइल. इंजिनाची गरम वाफ नळीत आली, गारठ्याने तिचं पाणी झालं, ते ऑइलबरोबर घुसळलं जाऊन वळणात साठत गेलं. गल्लीतल्या फेऱ्यांपुरती हवा कशीबशी त्यातून गेली असेल. शेवटी वळण भरलं आणि वाट बंद. बेसिनखाली जे व्हायला पाहिजे, ते अगदी बिनचूक इथे झालं होतं.

"हे मी डोक्याने केलेलंच नाही," नाना म्हणाले. "हाताने केलं. पाइप खाली उतरला की हात वळण घेतो. मला विचारतसुद्धा नाही."

"त्या हाताचं नाव सांगा, पँट त्याच्याकडून भरून घेतो."

"गप बस आणि नळी धर. वर धर. कुठेही खाली झोल पडू द्यायचा नाही. व्हॉल्व्हपासून जी चढायची ती चढतच गेली पाहिजे."

नवं सील बसलं. नळी इंजिनापासून थेट वर सीटखाली गेली आणि तिथून मागे. क्लिपा यावेळी वाकड्यातिकड्या बसल्या, नाना त्यांच्याकडे बघून दर वेळी दात आवळायचे. पण आता टेकडीचा चढ झाला, दोनदा झाला, आणि इंजिन बाहेरून कोरडं ठणठणीत राहिलं.

ठरल्या दिवशी नाना गाडी घेऊन लेकीकडे गेले. मेहुणा बसने आला. म्हणाला, आता मुलाच्याही पँटी संपत आल्यात. पार्किंगमध्ये सेक्रेटरी पांढराशुभ्र पुठ्ठा घेऊन उभाच होता. त्याने तो स्वतःच्या हाताने इंजिनाखाली सरकवला, चारही कडा फरशीच्या रेघांना जुळवल्या आणि म्हणाला, "सकाळी बघू."

लेकीने वर नेऊन खोली दाखवली. खिडकी मोठी होती. पलंगाच्या उशाशी दिवा, दाराला किल्ली अडकवायला खिळा, भिंतीला फिका पिवळा रंग. कुठे खोट काढण्यासारखं काही नव्हतं. नाना हात धुवायला गेले आणि सवयीने सगळे नळ सोडून, बंद करून बघितले. सगळे घट्ट होते. फ्लशची टाकी कान लावून ऐकली. ती भरली आणि गप्प झाली.

"सगळं आधीच करून घेतलंय," लेक बाहेरून म्हणाली. "म्हटलं, तुम्ही आल्या आल्या पाने काढायला नकोत."

"चांगलं केलंस," नाना म्हणाले, आणि टॉवेलला हात पुसून बाहेर आले.

सकाळी सगळे खाली गेले. सेक्रेटरी विजेरी घेऊन गुडघ्यांवर बसला. त्याने पुठ्ठा ओढून काढला, उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. पुठ्ठा जसा दिला तसा होता.

"आणा गाडी," तो म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

मेहुण्याने नानांच्या पाठीवर थाप मारली. लेक हसली, मग तिने बापाकडे नीट बघितलं आणि तिचं हसणं ओसरलं.

"बाबा, झालं ना आता? मग तोंड असं का?"

नानांनी गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. गळती असती तर बरं झालं असतं, हा विचार त्यांच्या मनात इतका स्पष्ट आला की त्यांना स्वतःचीच चीड आली. एवढी बोटं सोलून, एवढे दिवस सगळ्यांचं डोकं खाऊन हे मिळवलं, आणि आता हातात काही उरलं नाही ज्याच्या आड उभं राहावं.

"मी येत नाही," ते म्हणाले.

"गाडी पास झाली आहे," सेक्रेटरी म्हणाला. त्याला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

"गाडी झाली. मी नाही."

"इतके दिवस तुम्ही मला—" लेकीचा आवाज चढला. "रोज फोन, आज इथून गळतंय, आज तिथून. मी त्या माणसाच्या पाया पडले, बाबा. म्हणजे नाटक होतं सगळं?"

"नाटक नव्हतं. मला गळती थांबवायची होती. मामाला विचार."

मामा छताकडे बघायला लागला.

"मग काय आहे? मी काही कमी केलं का?"

"तू कमी केलं नाहीस, तोच घोळ आहे." नाना जमिनीकडे बघत बोलत होते. "तिकडे मी उठतो आणि तिच्याशी भांडतो. आधी पुठ्ठ्यावरून, मग चहावरून. ती बोलत नाही, कळतं मला. वेडा नाही झालेलो. पण कुठल्या दारातून ती काय बोलली असती ते माहीत आहे, मग उत्तर देता येतं. इथे सगळं नीट आहे. इथे मी कोणाशी भांडू? दिवसभर त्या पिवळ्या भिंतीकडे बघून मी मुका होईन."

सेक्रेटरीने विजेरी बंद केली.

"आणि गॅस?" लेक म्हणाली.

"ज्योत विझली की आपोआप बंद होते अशी शेगडी मिळते. लोकांच्या स्वयंपाकघरात बघितल्यात मी."

"लोकांच्या!"

"आज घेतो."

"आज नाही, आता. मी बरोबर येणार. शेगडी मी निवडणार, आणि पेटवून, फुंकर मारून विझवून बघणार. आणि आठवड्यातून दोन रात्री तुम्ही इथे राहणार."

"एक."

"दोन. आणि ज्या दिवशी फोन उचलणार नाही, त्या दिवशी मी टेम्पो घेऊन येईन, तुमच्यासकट सामान भरायला."

"तुझ्या आईने कधी मला असं—"

"आईने तुम्हाला फार सोडलं. मी सोडणार नाही."

"बघू की."

"काय बघू? तुम्ही बघा. मी ठरवलंय."

सेक्रेटरीने पुठ्ठा काखेत मारला आणि मेहुण्याला हळूच विचारलं, "मग जागा यांच्या नावावर लावायची की नाही?"

"थोडं थांबा," मेहुणा म्हणाला. "दोघंही आत्ताच सुरू झालीत."